क्रेनवालीचा हिरवा पेला

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे, आणि आज मी थोडा रागातच बोलणार आहे. साडेसातशे वॅटची मोटर, तीन भांडी, त्यांतल्या एकाचे झाकण हरवलेले. सिंकच्या डाव्या बाजूला, ओट्याच्या कोपऱ्यात माझी जागा. ओट्यावर एकवीस वर्षे काढली की घरातले सगळे दिसू लागते आणि ऐकूही येते. वास तर मला नको तितके कळतात. झाकणाच्या आत रबराची एक रिंग असते, तिच्यात वास जाऊन बसतो आणि उठायचे नाव घेत नाही. चव मात्र मला कळत नाही. मला पाते आहे, जीभ नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, दुसरीने पाते बसवले, तिसरीने मला मिनिटभर रिकामाच फिरवला आणि कान लावून ऐकले. "हा ठीक आहे," असे म्हणून तिने मला खोक्यात घातले. माझे पहिले कौतुक ते.

मला विकत घेतले ते एका स्वयंपाकिणीने. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे होती. पुढे तिला नात झाली तेव्हा सगळे तिला आजी म्हणू लागले, म्हणून मीही आजीच म्हणतो. टोमॅटोचे सूप, केळ्याचे दूध, भाजलेले शेंगदाणे, एवढेच ती मला द्यायची. पण देण्याआधी तिची एक सवय होती. काकडी असो, दुधी असो, टोमॅटो असो, ती देठाकडची एक चकती कापायची, जिभेवर ठेवायची, आणि मगच बाकीचे माझ्या भांड्यात पडायचे. काही खटकले तर सिंकमध्ये थुंकायची आणि अख्खे फळ कचऱ्यात टाकायची. "रुग्णालयात साडेतीनशे माणसं माझ्या जिभेवर जेवायची," ती म्हणायची. काम झाले की मला लगेच धुवायची, रिंग काढून वेगळी. माझ्याबद्दल ती पाहुण्यांना सांगे, "आवाज मोठा आहे, पण मनाचा साफ आहे."

आजी गेली आणि मी तिच्या थोरल्या मुलीकडे आलो. ही थोरली बंदरावर क्रेन चालवते. जमिनीपासून चाळीस मीटर उंच काचेच्या खोलीत बसून ती जहाजातून कंटेनर उचलते. सगळे तिला क्रेनवाली म्हणतात, आणि तिला ते आवडते. घरात ती आणि तिची अकरा वर्षांची मुलगी, दोघीच. मुलगी एका जागी बसत नाही म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरावरच्या क्रेनची टोके दिसतात. शाळेला निघताना भिंगरी तिसऱ्या क्रेनकडे बघून हात हलवायची. वरून दिसत नाही हे तिला माहीत होते, तरी हलवायची.

एके दिवशी क्रेनवाली कामावरून आली ती बूटही न काढता खुर्चीत बसली. वर चढताना कमरेला जो सुरक्षेचा पट्टा बांधतात तो शंभर किलोपर्यंतच वजन पेलतो. कपडे, बूट आणि हत्यारांची पिशवी धरून शंभर. आता नव्याने सगळ्यांची वजने होणार होती, आणि क्रेनवाली भरली एकशे सात. सहा आठवड्यांत सात किलो उतरले नाहीत तर तिची जागा दुसऱ्याला मिळणार होती. बारा वर्षांची ती काचेची खोली, आणि मुलीची खिडकीतली ती क्रेन.

"आई, तू काही जाडी नाहीस," भिंगरी म्हणाली.

"पट्ट्याला विचार," क्रेनवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खाली आली. मावशी म्हणजे क्रेनवालीची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर राहते आणि चौकातल्या पार्लरमध्ये केस कापते. केस कापता कापता बायका जे जे सांगतात ते सगळे तिच्या वहीत उतरते.

"ताई, हसू नकोस. माझ्याकडे एक बाई येते. दोन महिन्यांत तिची कंबर अशी झाली, अशी!"

"करंगळीएवढी?"

"उडव टर. पण सहा आठवड्यांनी शिडीवर कोण चढणार ते सांग."

क्रेनवालीने वही हातात घेतली, आणि मित्रांनो, माझे हाल सुरू झाले.

पहिला आठवडा कोबीचा होता. उकडलेला, गार झालेला, पुन्हा गरम केलेला कोबी, सकाळ, दुपार, संध्याकाळ. उकडलेला कोबी शिळा झाला की गंधकासारखा वास येतो, मोजा आठवडाभर बुटात राहावा तसा. तो लगदा मी दिवसातून तीनदा फिरवला. क्रेनवाली ते सूप उभ्याने प्यायची, खिडकीकडे तोंड करून. आठवड्याने काटा अडीच किलो खाली आला आणि मावशीने मला चक्क थोपटले. "हा मिक्सर नाही, औषधाचा कारखाना आहे!" एवढे घाणेरडे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. त्यानंतर क्रेनवाली दोन दिवस पोटभर भात जेवली आणि दोन किलो परत आले. उतरले होते ते बहुतेक पाणीच होते. पण त्या घरात तेव्हा हे कोणी बोलले नाही. मावशी एवढेच म्हणाली, "कोबी तुला लागू पडला नाही. पान उलट."

मग आले रात्रभर भिजवलेले जवस, जे सकाळी गोगलगायीच्या अंगासारखे बुळबुळीत होते. त्यात कच्चा लसूण आणि सफरचंदाचा व्हिनेगर. व्हिनेगरने माझी रिंग चिकट झाली. चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात कारल्याच्या रसात कच्चे अंडे फेटायचे होते. पिवळट हिरवा फेस झाकणाच्या भोकातून वर यायचा आणि ओट्यावर ओघळून वाळायचा. क्रेनवालीला मला धुवायचे त्राण नसायचे. सकाळचा चिकटा संध्याकाळपर्यंत पात्यावर सुकायचा. एक माशी भांड्यात शिरली ती बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासकट पाणी ओतले आणि बटण दाबले. मी ते फिरवले. सांगतानाही मला शिसारी येते.

पण सगळ्यांत वाईट वाटायचे ते याचे, की त्या दोघी त्या घाणीवर खूश व्हायच्या. मावशीचा एक सिद्धांत होता. जे प्यायला नकोसे वाटते ते आतून काम करते. ओकारी आली तर समजायचे औषध बरोबर जागी पोहोचले. त्यामुळे चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. उलट चव टाळण्याची एक पद्धत त्यांनी बसवली होती. क्रेनवाली जिभेवर बर्फाचा खडा धरायची, जीभ बधिर होईपर्यंत थांबायची आणि पेला एका दमात रिकामा करायची. "क्रेनवर चढताना खाली बघायचं नाही, आणि हे पिताना चव बघायची नाही," ती म्हणायची. आजीची मुलगी होती ती. मला आजीची चकती आठवायची.

आईला सोबत म्हणून भिंगरीही अर्धा कप प्यायला लागली. "एकटीने प्यायला तुला वाईट वाटेल ना!" ती म्हणाली. शाळेत तिला कोणीतरी भोपळा म्हणाले होते. ते तिने आईला सांगितले नव्हते, पण बेसिनशी तोंड धुताना पुटपुटली ते मी ऐकले.

सहावा आठवडा दुधीचा. वजनाच्या परीक्षेला पाच दिवस उरले होते आणि बूट-पिशवीसकट वजन अजून शंभराच्या वर दीड किलो होते. क्रेनवालीचे डोळे खोल गेले होते. त्या गुरुवारी मावशीने आणलेला दुधी लांब, सरळ, दिसायला एकदम छान. साल काढली, तुकडे केले, माझ्या भांड्यात टाकले. कोणीही चकती कापली नाही. मी सुरू झालो आणि अगदी सुरळीत फिरलो. कोबीला कुरकुरणारा, जवसाला अडकणारा मी, त्या दिवशी लोण्यासारखा चाललो. मित्रांनो, माझ्या तळाशी एक लाल बटण आहे. फार ताण आला की मी आपोआप बंद पडतो. त्या सकाळी बंद पडायला हवे होते. पण पात्याला मऊपणा कळतो, कडूपणा कळत नाही.

बर्फाच्या ट्रेमध्ये एकच खडा उरला होता. तो क्रेनवालीने घेतला. तिने भरलेला पेला एका दमात संपवला. भिंगरीने बर्फाशिवाय एक घोट घेतला आणि लगेच सिंकमध्ये थुंकला.

"आई, हे काहीतरी भलतंच आहे!"

"कडूच असतं गं."

"कारलं कडू असतं. हे तसं नाहीये. जीभ ओढल्यासारखी होतेय."

"म्हणजे आज चांगलं निघालंय," क्रेनवाली म्हणाली, आणि वाया जायला नको म्हणून मुलीच्या कपातलेही पिऊन टाकले.

चाळीस मिनिटांनी ती बुटाची नाडी बांधत असताना उठली आणि सिंककडे धावली. जे मी तासापूर्वी फिरवले होते तेच हिरवे पाणी परत आले, पुन्हा आले, पुन्हा आले. त्याचे शिंतोडे माझ्या अंगावर उडाले. ती ओट्याची कडा धरून उभी होती आणि तिची बोटे पांढरी पडली होती. आवाज ऐकून मावशी वरून धावत आली.

"घाबरू नकोस ताई! विष बाहेर पडतंय. शरीर साफ होतंय तुझं."

"मावशी, त्यात रक्त आहे," भिंगरी म्हणाली.

मावशी वाकून बघत राहिली. भिंगरी मात्र थांबली नाही. अकरा वर्षांच्या मुलीने फोन उचलला, पत्ता सांगितला, आईने काय आणि किती प्यायले ते सांगितले. रुग्णवाहिका येईपर्यंत ती आईचे कपाळ धरून उभी होती. जाताना तिने उरलेल्या दुधीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर नेला. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

संध्याकाळी मावशी एकटीच परत आली. तिने माझे भांडे घासायला घेतले आणि घासता घासता रडू लागली. "मी बायकांचे केस कापते. मला काय कळतं दुधीतलं!" ती भांड्याशीच बोलत होती. डॉक्टरांनी सांगितलेले मी नंतर भिंगरीच्या तोंडून ऐकले. दुधी, काकडी अशा वेलींच्या फळांत कधी कधी एक कडू विष तयार होते. ते उकळून जात नाही, त्यावर उतारा नाही. शरीरात पाणी भरायचे, पोटाची आग शांत करायची आणि वाट बघायची. डॉक्टरांनी एकच प्रश्न दोनदा विचारला होता, "तुम्ही चव घेतली नव्हती का?"

सहा दिवसांनी क्रेनवाली घरी आली. वजनाची परीक्षा तिच्यासाठी आठवडाभर पुढे ढकलली होती. त्या दिवशी ती कपडे, बूट आणि पिशवीसकट साडेअठ्ठ्याण्णव भरली. पास! मुकादमाने पट्टा बांधून दिला. शिडीला दोनशे चौदा पायऱ्या आहेत. अकराव्या पायरीवर ती थांबली; पुढची पायरी चढायला अंगात जोर नव्हता. बारा वर्षांत जे केले नव्हते ते तिने केले. तिने खाली बघितले, आणि स्वतःहून खाली उतरली.

"काट्यावर तर तू पास झालीस की!" मुकादम म्हणाला म्हणे.

"कंटेनर काट्यावर उचलत नाहीत, साहेब. मला खालचं काम द्या."

तेव्हापासून ती धक्क्यावर उभी राहून दुसऱ्या चालकाला हातांनी खुणा करते. तिच्या काचेच्या खोलीत आता दुसरा माणूस बसतो. भिंगरीने खिडकीतून हात हलवणे बंद केले. आणि मी? "त्याला नजरेसमोरून हलवा," क्रेनवाली म्हणाली, आणि मावशीने मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सिंकखाली ठेवले. तिथे ओल होती, झुरळे होती, आणि माझ्या रिंगमध्ये सहा आठवड्यांचे सगळे वास होते. चार महिने मी तेच हुंगत बसलो. माझा काय दोष, असा विचार मी पुष्कळ केला. पण ज्याने फिरवले त्याचा काहीच दोष नाही असे मला अजूनही म्हणता येत नाही.

मागच्या रविवारी पिशवी सुटली. भिंगरीने मला बाहेर काढले, साबणाने पुसले, बाजारातून नवी रिंग आणली होती ती बसवली. क्रेनवाली टेबलाशी बसली होती. आता ती रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिले तसे जेवते. भात आहे, डाळ आहे, रोज चालणे आहे. महिन्याला एखादा किलो उतरतो. पट्ट्याची पुढची परीक्षा कधी, तेही तिने विचारून ठेवले आहे. मावशी मात्र दारातच उभी राहिली, माझ्याजवळ यायला तयार नाही.

"काकडीचं गार सूप करते," भिंगरी म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब." क्रेनवाली उठली. तिने काकडी घेतली, देठाकडची चकती कापली आणि जिभेवर ठेवली. मग तिने दुसरी चकती कापून मुलीला दिली. "तूही बघ. आणि खटकलं तर थुंक. मी रागावणार नाही."

भिंगरीने चकती हळूहळू चावली, डोळे मिटून, अगदी आजीसारखी. "चांगली आहे," ती म्हणाली.

"मावशीला दे एक," क्रेनवाली म्हणाली.

मित्रांनो, तुम्ही मला जे द्याल ते मी वाटून देईन. चांगले, वाईट, विष, काहीही. मी कधी नाही म्हणणार नाही, आणि हीच माझ्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट आहे. म्हणून माझे बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि एक चकती तोंडात टाका. मला जीभ नाही. तुम्हाला आहे. ती बर्फाने बधिर करू नका.