ताट अनिताच्या हातात होतं

बारामती आणि इंदापूरच्या शिवेवरच्या गावांना पाणी पाजणारी आमची सरकारी योजना. तिच्या फिल्टर हाऊसवर आम्ही तिघं. सावळारामतात्या मोटारी बघायचे, अनिता आणि मी पाण्यात तुरटी आणि पावडर सोडायचो. तात्या कायम. आम्ही दोघी रोजंदारीवर, पण दिवाळीनंतर कायम करू असं साहेबांनी सांगितलेलं. अट एकच होती, कामात खंड पडता कामा नये.

मग लॉकडाऊन आलं. पाणीपट्टी येईना, वरून अनुदान येईना. आधी पगार अर्धा झाला. पाणी मात्र पुरतं द्यायचं होतं, कारण सगळा मुलूख घरात बसून हात धूत होता. पुढच्या महिन्यात साहेब इंदापुरातून आले, मास्क हनुवटीला अडकवून.

"तुम्हा दोघींपैकी एकीनं सहा महिने बिनपगारी रजा घ्यायची. स्वेच्छेनं. अर्ज द्या."

"स्वेच्छेनं म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"म्हणजे तिला स्वतःला वाटतंय म्हणून."

"आन् न्हायच वाटलं तर?"

"वाटायला लागेल," म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

जी रजेवर जाईल तिचा खंड पडणार, आणि कायम होणं गेलं. दोघींनाही हे ठाऊक होतं. त्या दिवशी आम्ही डबा खाल्ला तो एकमेकींकडं न बघता. शेवटी अनिताच म्हणाली, "अक्का, आपुन बेल-भंडारा उचलू. अर्ज कुणीच करायचा न्हाय, आन् दुसरीचं नावबी सुचवायचं न्हाय. मग काय करत्यात बघू."

मला एवढं बरं वाटलं की तिला मी माझ्या डब्यातली शेंगाची चटणी सगळी दिली.

आमच्याकडं निवडणुकीत, भावकीत, जिथं माणसाच्या शब्दावर भागत नाही तिथं शपथ म्हणून खंडोबाचा भंडारा उचलतात. टाकीच्या मागंच त्याचं छोटं देऊळ आहे. रविवारी अनितानं घरून ताट आणलं, बेलाची पानं आणि हळदीचा ढीग घेऊन. ताट तात्यांपुढं धरलं, त्यांनी साक्षीला म्हणून उचलला. माझ्यापुढं धरलं, मी उचलला, शब्द बोलले. हात पिवळा होताच, तर बोटं तिच्याही कपाळाला लावली. तिनं डोळे मिटून लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात साहेब आले ते माझ्या नावाचा अर्ज घेऊनच.

"प्रयागबाई, तुमचा मोठेपणा. करा इथं सही. अनिताबाई म्हणाल्या तुम्ही तयार आहात, मुलगा डेअरीत कमावतोय म्हणून."

मला आधी वाटलं साहेबांचीच काहीतरी गफलत. मी अनिताकडं बघितलं. ती तुरटीच्या टाकीत बांबू फिरवत होती, नुसतीच. तुरटी केव्हाच विरघळली होती.

"अनिते, भंडारा उचललायस तू."

"मी कुठं उचलला?" तिनं बांबू थांबवला. "ताट माझ्या हातात हुतं."

मी आठवून बघितलं. खरंच की. तिच्यापुढं ताट कुणी धरलंच नव्हतं. तिचं कपाळ पिवळं दिसलं, सगळ्यांना पटलं. आणि ते पिवळं मीच केलेलं.

"ठरवून धरलंस ताट?"

तिनं बांबू टाकीच्या कडेला टेकवला. मग एकदम म्हणाली, "तुझ्या घरात कमावतं माणूस हाय. माझ्या घरात मीच हाय."

"मग तोंडावर म्हणायचं हुतंस. कदाचित ऐकलंबी असतं मी."

"कदाचित!" ती हसली. "त्या कदाचितवर सहा म्हयनं काय शिजवू?"

साहेबांना उशीर होत होता. म्हणाले, "हे बघा, एकीचा अर्ज नसेल तर वरचा हुकूम आहे, दोघींनाही उद्यापासून घरी बसवा."

"कर की अक्का सही," अनिता म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "दोघी जाण्यापरीस एक गेलेली बरी."

हिशेब बरोबर होता तिचा. पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर निदान ती तरी कायम झाली असती.

"मी उचललाय," मी म्हणाले आणि पेन साहेबांच्या खिशाला लावून दिलं.

हे देवाच्या धाकानं केलं की तिच्यावरच्या रागानं, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही. तात्या मोटारीला तेल देत होते. संध्याकाळपर्यंत देतच होते.

निघताना एसटी बंदच होती. मी पायी निघाले. मागून अनिता स्कूटीवर आली.

"बस. सोडते."

"नको."

ती गेली नाही. स्कूटी पायानं ढकलत माझ्या बरोबरीनं चालवत राहिली. कॅनॉलचा पूल आला, उसाची पट्टी संपली, तरी तशीच. मधेच नाक ओढायची, पदरानं पुसायची.

"अक्का, एक शिवी तरी दे."

शिव्या मला पुष्कळ येतात. तात्यांनाही शिकवल्यात मी. एक दिली असती तर तिला त्या रात्री झोप लागली असती, आणि सकाळी ती माझ्या दारात चहाला येऊन बसली असती.

"जा," मी म्हणाले, "घरी वाट बघत असतील." आणि चालत राहिले.