फ्रीजच्या दारातला समुद्रप्रवाह

मी एक समुद्रप्रवाह बोलतोय. म्हणजे खरं सांगायचं तर त्याचा बाटलीभर तुकडा. नागपुरात समुद्र कुठून आला, असं तुम्ही म्हणाल आणि तुमचं बरोबरच आहे. या शहराला ना किनारा, ना खारा वारा. तरी यंदाचा अर्धा उन्हाळा मी इथे मीराबाईंच्या घरात काढला, शेवटचे काही दिवस तर फ्रीजच्या दारात, पन्ह्याच्या बाटलीला खेटून.

माझा जन्म दक्षिण ध्रुवाजवळचा. तिथल्या हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरून असा वारा सुटतो की किनाऱ्यालगतचं बर्फ ढकलत दूर नेतो. उघडं पडलेलं पाणी लगेच गोठतं, वारा तेही नेतो, खालचं पुन्हा गोठतं. हे गोठणारं पाणी मोठं शिष्ट असतं बरं का. बर्फ होताना ते मीठ सोबत घेत नाही, खाली उरलेल्यांच्या गळ्यात मारून मोकळं होतं. तसं ते माझ्या वाट्याला आलं. आधीच गारठलेला, त्यात खारट. मी जड झालो आणि बुडायला लागलो.

बुडणं म्हणजे तुमच्याकडे शेवट. आमच्याकडे तिथूनच सुरुवात होते. तळाचा उतार धरून निघायचं, पृथ्वी फिरते म्हणून जरा डावीकडे कलत. वरचं पाणी वेगळ्याच तालात असतं. त्याला पश्चिमेचे वारे अंटार्क्टिकाभोवती गोल पळवतात. मध्ये कुठली जमीन आडवी येत नाही, त्यामुळे त्याला थांबणं माहीत नाही. आम्ही तळाचे मात्र सावकाश. हिंदी महासागराच्या तळाने उत्तरेकडे सरकायचं, वाटेत भेटेल त्या पाण्यात मिसळायचं, शेकडो वर्षांनी हळूहळू वर यायचं आणि फिरून दक्षिणेची वाट धरायची. घाई कुणालाच नसते.

मी तर अजून गावाची वेससुद्धा ओलांडली नव्हती. एक दिवस वरून दोराला बांधलेली नळकांडी खाली आली, तोंडं उघडी ठेवून. माझ्याजवळच्या नळकांड्याचं झाकण मिटलं आणि मी आत अडकलो.

वर जहाजावर गुंजन उभी होती. नागपूरची मुलगी, गोव्यात नोकरीला. समुद्राचं पाणी तपासणं हे तिचं काम. मी वर येत होतो तेव्हाच कुणीतरी तिला फोनवर बोलावलं. तिचे वडील, वामनराव, गेले होते. जहाज फिरवलं तरी किनारा कितीतरी दिवस लांब. ती फोनवरून परत आली, हातमोजे काढले आणि माझ्या नळकांड्याला दोन्ही हातांनी धरून नुसती उभी राहिली. इतकं ऊबदार काही मला पहिल्यांदाच लागत होतं. तपासणीपुरतं पाणी घेतल्यावर उरलेलं ओतून देतात. तिने मला बाटलीत भरून घेतलं.

एप्रिलमध्ये ती रजा घेऊन घरी आली. घरात आता तिची आई मीराबाई आणि धाकटा भाऊ स्वानंद. त्याचं सीताबर्डीला मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. गुंजनने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, तिथलं पाणी."

मीराबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारं हाये," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबानं जाता जाता 'गुंजन आली का' म्हणून विचारलं. स्वानंदनं तोंडात पाणी घातलं, ते ओठावरूनच गळून गेलं. तुह्या हातचं पाहिजे होतं त्यायले. अन् आता तू हे घेऊन आली."

गुंजनने मान खाली घातली. कुठल्या दिवशी मला धरून उभी होती, हे तिने सांगायला हवं होतं. पण तिची जीभ उचलली नाही आणि मला तर तोंडच नाही. मी कूलरशेजारच्या फळीवर जाऊन पडलो.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं भाजी काय करायची एवढ्यावर आलं. एकीकडे गुंजनला तिच्या साहेबांचे फोन येत. डिसेंबरात पुन्हा जहाज निघणार होतं. आमच्या जन्मगावी हल्ली काहीतरी बिनसलंय. जमिनीवरचं बर्फ वितळून गोडं पाणी समुद्रात येतं, ते हलकं असतं, म्हणून तळाला उतरणारे आम्ही कमी होत चाललोय. किती कमी, ते मोजायला तिला जायचं होतं. "आईला विचारून सांगते," ती साहेबांना म्हणायची. विचारायची मात्र नाही. आई नको म्हणाली तर ती जाणार नव्हती आणि या आईच्या तोंडून हो निघेल असं तिला वाटत नव्हतं.

मला तिचा राग येई. मग माझाच येई. प्रवाह म्हणवून घ्यायचं आणि फळीवर बसून राहायचं.

मे महिना आला. कूलर गरम हवा फेकू लागला. एका दुपारी मीराबाई माझ्यासमोर येऊन थांबल्या, बाटलीला हात लावून पाहिला आणि मला उचलून फ्रीजच्या दारात ठेवलं. "बर्फाच्या मुलखातलं हाये," त्या पुटपुटल्या. "या उन्हात कसं टिकल बिचारं."

खाऱ्या पाण्याला नागपूरच्या उन्हाने काही होत नसतं. पण बोलता आलं असतं तरी मी त्यांना ते सांगितलं नसतं. कुणी आपली काळजी करत असलं की गप्प राहावंसं वाटतं.

दोन-चार दिवसांनी स्वानंद भर दुपारी दुकानातून आला, घामाने निथळत. फ्रीज उघडला आणि हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली. पुढच्या क्षणी माझा घोटभर भाग मोरीत होता.

"आई, हे काय ठेवून राहिली तू? जहर हाये का?"

मीराबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. आवाज ऐकून गुंजन धावत आली, भावाचं वाकडं तोंड पाहिलं आणि तीही भिंतीला टेकून हसत सुटली. वामनराव गेल्यापासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. माझा थोडा भाग त्यापायी गेला, तर गेला.

डोळे पुसत मीराबाईंनी विचारलं, "काहून वं गुंजन, बर्फाच्या गावचं पाणी इतकं खारं काहून?"

गुंजनने एका डब्यात मिठाचं पाणी कालवलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं. संध्याकाळी काढलं तेव्हा वर बर्फाची साय धरली होती. तिने ती उचलून धुतली आणि तुकडा आईच्या हातावर ठेवला.

"हे तं फिक्कं हाये," मीराबाई म्हणाल्या. "मीठ कुठं गेलं?"

"खालचं पाणी चाख."

त्यांनी चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग गुंजनने त्या खालच्या पाण्यात कपड्यांची नीळ टाकली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साधं पाणी भरलं आणि कडेने निळं पाणी हळूच सोडलं. ते काचेला धरून सरळ खाली घसरलं आणि तळाशी गुपचूप पसरलं. मीराबाई पाय दुमडून बरणीसमोर बसल्या.

"मंग हे जाते कुठं?"

"तळातळानं इकडं येते. लय वर्षं लागते त्याले. मिसळत मिसळत पार बंगालच्या उपसागरापर्यंत."

"अन् आपली कन्हान?"

"कन्हान वैनगंगेत, तिथून गोदावरीत. शेवटी तेबी त्याच समुद्रात."

मीराबाईंनी बरणीच्या काचेवर हात ठेवला. वामनराव मूळचे मौद्याकडचे. त्यांच्या अस्थी मौद्यालाच कन्हानमध्ये सोडल्या होत्या.

"आई," गुंजन म्हणाली, "बाबा गेल्याचं मले समजलं, तवा हेच पाणी समुद्रातून वर येऊन राहिलं होतं. मी त्याले धरून उभी होती. दुसरं काई धरायले नव्हतं मले."

मीराबाईंनी तिला जवळ ओढलं. मग तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "सकाळी मौद्याले जाऊ."

सकाळी आम्ही गेलो. मेमधली कन्हान ती, वाळूच जास्त आणि मधून पाण्याची एक धार. गुंजन घोटाभर पाण्यात ओणवी झाली. मीराबाईंनी मला तिच्या ओंजळीत ओतलं.

"दे सोडून. त्यायच्या तोंडात पडलं असं समज."

तिने थोडं थोडं करत मला सोडलं. रडत होती, पण हात हलू दिले नाहीत.

"डिसेंबरात जायचं हाये ना तुले?" मीराबाईंनी विचारलं. "तुह्ये फोन आयकून स्वानंद म्हणून राहिला होता. जाय. पण तिथं सकाळपासून काय काय करते, कुठं झोपते, काय खाते, ते समदं मले सांगून जाय. मांगच्या बारीले डोळे मिटले का मले काईच दिसत नव्हतं, वं. नुसतं पांढरं."

गुंजन तिथेच वाळूत बसली आणि सांगायला लागली. अगदी सकाळच्या चहापासून.

माझी वाट आता लांबची आहे. पुढे धरणं आहेत, ऊन आहे. समुद्रापर्यंत पोचेन किंवा वाटेतच वाफ होऊन जाईन. माझं म्हणणं एवढंच की आमच्याकडचं गोठणं तेवढं चालू राहू द्या. ते थांबलं तर तळाला उतरायला कुणी उरणार नाही. बाकी मीराबाईंच्या घरात मी सुखात होतो. त्या दोघी अजून बोलत होत्या. पुढचं मला ऐकू आलं नाही, मी वाहायला लागलो होतो.