सरांचं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकासूर म्हणत. नाव सरांनी ठेवलेलं. सरांना शंका मानवत नसत, टाळ्या मानवत.

काम तसं साधं, म्हणजे सांगायला साधं. बेडकाच्या कातडीत जंतू मारणारं एक इवलंसं प्रथिन असतं. त्याच्या जनुकात एक जागा बदलायची, बदललेलं प्रथिन जंतूंवर सोडायचं आणि मारा वाढतो की घटतो ते बघायचं. त्या जागी विद्युतभार वाढवावा, असं तिचं म्हणणं. सर म्हणाले, "छे, तेलकट करा. जंतूचं आवरण तेलाचं, तेलात तेल घुसतं. एवढं कळायला पीएचडी लागत नाही."

पीएचडी तिचीच अडली होती, आणि प्रबंधावर सही सरांची लागणार होती. तिने तेलकट केलं.

जंतू पटापट मेले. काचेच्या ताटलीत प्रथिनाच्या ठिपक्याभोवती असं लख्ख वर्तुळ उमटलं, की सरांनी त्याचा फोटो मोबाइलवर लावला. आधी तिथे नातू होता.

मग शंकासुराने नको ते केलं. तेच प्रथिन माणसाच्या रक्तावर घालून बघितलं. तांबड्या पेशी धडधाकट असल्या की नळी यंत्रात फिरवल्यावर तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ राहतं. फुटल्या, तर सगळं पाणी लाल. तुलनेला आणखी दोन नळ्या होत्या. एकीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत पेशी हमखास फोडणारा साबण. प्रथिनाची नळी निघाली साबणाच्या नळीसारखी लालभडक.

सरांनी ती उजेडाकडे धरली. "रक्त कुणाचं?"

"माझं."

"तरीच. तुम्ही वेळेवर जेवता कुठे? अशक्त पेशी फुटणारच. माझं घ्या. मी रोज टेकडी चढतो."

नर्सबाई आल्या. सर बाही वर करून, सुईकडे न बघता, टेकडीची चढण किती खडी आहे ते सांगत राहिले. नंतर कापूस दाबून धरताना त्यांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा तिला त्यांची कीव आली. फार वेळ टिकली नाही. टेकडी चढणारं रक्तही तसंच फुटलं.

"यंत्र जोरात फिरवलंत."

"मिठाच्या पाण्याची नळी त्याच यंत्रात होती, सर. ती बघा की, नितळ आहे."

"मग रक्ताचं राहू द्या. आपण जंतूंवर काम करतो."

"पण औषध शेवटी जाणार कुठे?"

"परवा अनुदान देणारे पाहुणे येतायत," सर म्हणाले. "तुम्ही नुसती वर्तुळं दाखवा. शनिवारी सही करून टाकू."

तिने वर्तुळं दाखवली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? उठून म्हणाले, "आणि माणसाच्या पेशींना हे अगदी निर्धोक."

पाहुण्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सरांकडे नव्हे, तिच्याकडे बघितलं. "रक्तावर घालून बघितलंत का?"

सर छताकडे बघत होते. शनिवार दूर दूर जाताना दिसला.

"बघितलं. रक्त फुटतं. साबणाने फुटतं तितकंच."

"म्हणजे साबणच केलात म्हणायचा," बाई म्हणाल्या. "तो दुकानातही मिळतो हो. पण कुठल्या बदलाने फुटायला लागलं ते नीट लिहा आणि मला पाठवा. निदान दुसरे तरी त्या वाटेला जाणार नाहीत."

शनिवारी ती प्रबंध घेऊन सरांच्या खोलीत गेली. रक्ताचं प्रकरण त्यात घातलेलं होतं. सरांनी बसा म्हटलं नाही.

"हे काढा, सही करतो."

"नाही काढत, सर."

"मग बसा आणखी वर्षभर."

"बसते."

सर पानं चाळत राहिले. बाई ते प्रकरण मागवणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बरं, राहू दे," ते अखेर म्हणाले. "पण तेलकट करायची कल्पना तुमची होती, हे स्पष्ट लिहा. माझा सल्ला तुम्ही डावललात."

"कुठला सल्ला, सर?"

"विद्युतभाराचा."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे लाज शोधणं म्हणजे वेळ घालवणं. तिने उभ्याउभ्याच ते वाक्य लिहून दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम सुधारला आणि लफ्फेदार सही ठोकली. इतकी वर्षं तिच्या कल्पना सरांच्या नावावर जात होत्या. आज जाता जाता त्यांनी आणखी एक उचलली, आणि पहिल्यांदाच स्वतःची एक तिला देऊन टाकली.

पानं छातीशी धरून ती बांधणीवाल्याकडे निघाली.