कपाटामागचा पेला

"थुंकायचंच असेल तर आधी तुम्ही थुंका," शिलाईवाली वहिनी काकांना सरळ म्हणाली, आणि मी हातातली गोळ्यांची पट्टी तशीच धरून उभी.

म्हणजे झालं असं, की वहिनी आमच्या मेडिकलमध्ये परत एकदा खोकल्याची बाटली मागायला आलेली. आता माझे काका म्हणजे गल्लीचे थांबाकाका. कुणी काही मागितलं की आधी म्हणणार "थांबा", मग खोकला कधीपासून, वजन उतरलंय का, घरात अजून कोण खोकतंय. मी नुकतीच फार्मसी शिकून त्यांच्याकडे लागलेय, आणि मला सारखं वाटायचं, अहो गिऱ्हाईक आहे, आरोपी नाही. तर काकांनी त्या दिवशी बाटली दिलीच नाही. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून ये म्हणाले, फुकट आहे. ती म्हणाली, त्या रांगेत मला कुणी बघितलं तर शिलाईच्या खोलीतलं माझं मशीन दुसरीला जाईल, आणि सासू घरात घेणार नाही ते वेगळंच. आणि मग ते, आधी तुम्ही थुंका.

काकांनी काय करावं? ऐन गर्दीच्या वेळी शटर ओढलं आणि तिला म्हणाले, चल.

दवाखान्याची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. काका त्या रांगेत हातात डबी धरून असे उभे, जणू बक्षीस घ्यायला आलेत. वहिनी मागे, तोंडाला फडकं बांधून. अख्खी गल्ली काकांकडे टकामका बघत होती, तिच्याकडे बघायला कुणाला फुरसतच नव्हती.

काकांचा रिपोर्ट चांगला आला. वहिनीला टीबी निघाला.

पण गल्लीचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. समोरचा भाजीवाला येईल त्याला सांगायला लागला, औषधवाल्यालाच लागलंय. त्यात वहिनीच्या गोळ्यांचा सरकारी खोका आमच्या फळीवर, कारण घरी ठेवायची तिची छाती नव्हती. रोज सकाळी ती बटणं घ्यायला निघाल्यासारखी यायची आणि कपाटामागे उभी राहून गोळ्या घ्यायची. लोकांनी खोका बघितला आणि त्यांची खात्रीच पटली. काउंटरवरच्या माठाला, त्यावरच्या पेल्याला हात लावेनात. पेल्यातून टीबी होत नाही हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी काकांनी तो पेला उचलून कपाटामागे वहिनीसाठी ठेवून दिला. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागलं.

मी म्हटलं, काका, तुमचा रिपोर्ट काचेवर चिकटवा, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

"आणि गेला होतात कशाला असं विचारलं तर?"

"सांगा, सहज गेलो होतो."

"सहज कुणी थुंकायला जातं का गं?"

मला हसूही आलं आणि रागही. कारण काका रोज वहिनीला सांगायचे, घरी सांग, तुझ्या पोराची आणि सासूची तपासणी व्हायला हवी, आणि ती रोज म्हणायची, उद्या. एकदा मी भडकलेच. म्हटलं, दुकान बसेल तरी हिचा उद्या उजाडायचा नाही. मीच जाऊन सासूला सांगते.

"दामटलंस तर गोळ्या सोडून पळेल," काका म्हणाले. "मग तिच्या खोकल्यानं ते पोरही गेलं आणि ती शिलाईची अख्खी खोलीही. थांब जरा."

मलाही थांब. मी आपली रोज रस्त्याकडे बघत, नखं खात बसायची.

आणि परवा वहिनी आली ती पोराचा हात धरून. मागे सासू, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. भाजीवाला डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेला, हात लांब करून, पायरीच्याही खाली उभा. मी पेला भरायला कपाटामागे वळले.

"इकडंच द्या पाणी," वहिनी म्हणाली.

काउंटरसमोर, भर उजेडात, तिनं गोळ्या जिभेवर ठेवल्या आणि पेला तळापर्यंत रिकामा केला. मग काकांना म्हणाली, "सासूबाई विचारतायत, त्यांनी आणि पोरानं रांगेत कुठं उभं राहायचं."

काकांनी पेला विसळला आणि कपाटामागे न नेता माठावर, पूर्वीच्या जागी पालथा घातला.

भाजीवाला गोळी मुठीत धरून त्या पेल्याकडे बघत राहिला. पाणी प्यायला नाही. पण गेलाही नाही.