तिचे घास माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक म्हातारा फ्रिज आहे. म्हातारा म्हणून हिणवायचं काम नाही हं! माझं दार अजून एका बोटाने लागतं. कारखान्यात जन्मलो, एका जोडप्याचा संसार सांभाळला, त्यांची मुलं मोठी झाली तसा नकोसा झालो आणि विद्यार्थिनींच्या भाड्याच्या घरात येऊन पडलो. तिथे दोघी राहायच्या. एक कायदा शिकणारी, तिला सगळे वकीलबाई म्हणत. दुसरी पहिल्या वर्षाची, ती धाकटी.

सुरुवातीला दोघी फोनमधल्या जेवणाच्या ॲपवरून नुसतं तळलेलं, चमचमीत मागवायच्या. धाकटीचं पोट बिघडलं. तिची आई लांबच्या गावी. आईने स्वतःच्या फोनवर ते ॲप घेतलं आणि 'हेल्दी' म्हणून मिळणारं जेवण लेकीला रोज पाठवायला लागली. उकडलेल्या भाज्या, मोडाची कडधान्यं, फळं. चांगलंच होतं ते. धाकटी आवडीने खायची, तोंडावर तेज आलं.

मग धाकटीचं काय बिनसलं देव जाणे. यात तेल दिसतंय, त्यात साखर असणार, हे शुद्ध नाही, ते जड. एकेक पदार्थ तिच्या मनातून उतरत गेला आणि शेवटी खाण्यासारखं काही उरलंच नाही. डबे मात्र येतच होते.

दुपारी आईचा फोन यायचा.

"पोहोचला का गं डबा?"

"पोहोचला, आई."

"माझ्या फोनवरही 'पोहोचला' म्हणून हिरवी खूण आली बघ. जिवाला बरं वाटतं."

फोन बंद. डबा पोहोचला म्हणजे पोर जेवली, असं त्या माउलीचं गणित. पोरीला कधी खोटं बोलावंच लागलं नाही.

आणि मग ती मला भरवायला लागली.

वकीलबाई कॉलेजात गेली की धाकटी माझ्यासमोर जमिनीवर बसायची. दार उघडायची. डब्याचं झाकण काढून एक घास माझ्या दिव्यापुढे धरायची. "आ कर. शहाणा ना तू?" थोडा वेळ थांबायची, घास परत डब्यात ठेवून डबा माझ्यात सरकवायची. माझी मोटर घरघरली की हसायची. "दिली ढेकर! चला, तुझं पोट भरलं, माझंही भरलं."

मला भूक नव्हती हो मित्रांनो! पण नाही कसं म्हणणार? माझे कप्पे गच्च भरत गेले आणि तिचं पोट पाठीला लागलं. दार ओढताना तिला दोन्ही हात लावावे लागायला लागले. वकीलबाई दुधाची पिशवी काढताना डबे बघून म्हणायची, "काय शिस्तीची पोरगी आहे! पुढच्या दिवसांचंसुद्धा तयार ठेवते." मला दरदरून घाम फुटायचा, आणि ती फडक्याने पाणी पुसून निघून जायची.

एके दिवशी धाकटी माझ्यासमोर आलीच नाही. डबा दाराबाहेर पडून राहिला. त्या दिवशी मी बंद पडलो. कसा, ते मला विचारू नका. पुढे दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. बंद पडायचं काही कारणच नाही."

दुसऱ्या दिवशी वास सुटला. वकीलबाईने नाक दाबून डबे बाहेर काढले, एकेक उघडला. सगळे भरलेले! ती धावत धाकटीच्या खोलीत गेली. धाकटीला उठवत नव्हतं.

"अगं, तू जेवतेस तरी काय?"

"त्याचं झालं का?"

"कुणाचं?"

धाकटीने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. वकीलबाईने वळून माझ्याकडे पाहिलं.

तिनेच डॉक्टर आणले, तिनेच आईला बोलावलं. दवाखान्यातून घरी आल्यावर आईने मऊ भात शिजवला आणि लेकीला घेऊन इथेच जमिनीवर बसली. घास पुढे केला. धाकटी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत पुटपुटली, "त्याचं राहिलंय."

आई दचकली. मग सरकून माझ्या दाराला पाठ लावून घट्ट बसली. "त्याचं मी बघते, बाळा. तू आ कर."

बराच वेळ गेला. धाकटीने तोंड उघडलं. घास गिळला. आईची पाठ माझ्या दारावर थरथरत होती, हात मात्र दुसरा घास कालवत होता.

मित्रांनो, आपलं माणूस दूर असलं तर डबा जरूर पाठवा. पण तो पोहोचला का, एवढंच विचारून फोन ठेवू नका. जमेल तेव्हा त्याच्यासमोर जाऊन बसा, आणि घास घशाखाली उतरेपर्यंत उठू नका.