छत्तीस वर्षांचे आजोबा

वाटाघाटींचा पहिला दिवस संपला तेव्हा माझ्या वहीत एकच वाक्य पूर्ण झालं होतं : "चहा देण्यात आला."

बाकीच्या प्रत्येक ओळीत मोकळी जागा सोडलेली. कारण कोण बोललं ते लिहायला नाव चालत होतं, पण नावापुढचं पद चालत नव्हतं. समोरच्या माणसाला 'उपसंचालक' म्हटलं की त्याला उपसंचालक नेमणारं सरकार आपण मानलं, असा अर्थ निघतो. तैपेईच्या सरकारखालचं आमचं किनमेन बेट आणि समोरचं, मुख्य भूमीवरचं शियामेन यांच्यात होडीने तासाभराचंही अंतर नाही. पण यादवी थांबून पन्नासावर वर्षं उलटली तरी त्यांच्या लेखी आमचं सरकार नव्हतं, आणि आमच्या लेखी त्यांचं. नुसतं 'मिस्टर तुंग' म्हणावं, तर दोन्हीकडचे प्रमुख तुंगच. आमचे साहेब तुंग श्यांग-रेन, अठ्ठावन्न वर्षांचे, पोटाच्या विकाराने कायम आंबट तोंडाचे. त्यांचे प्रमुख तुंग वेन-पिन, छत्तीस वर्षांचे, गोल चेहऱ्याचे, सारखे घाम पुसणारे.

"समोरच्या बाजूने खिडकी उघडावी अशी सूचना आहे," वेन-पिन म्हणाले.

"कोणत्या समोरच्या?" साहेबांनी विचारलं. "तुमच्या समोरच्या बाजूला आम्ही, आमच्या समोरच्या बाजूला तुम्ही."

खिडकी शेवटी मीच उठून उघडली.

विषय मुळात छोटा होता. धुक्यात इंजिन बंद पडून आमचे दोन कोळी त्यांच्या किनाऱ्याला लागले आणि अडकले. त्यांचे तिघे शिंपल्यांच्या मागे आमच्या हद्दीत शिरले, ते आमच्याकडे अडकले. पाच माणसं आणि दोन होड्या जिकडच्या तिकडे करायच्या, एवढंच. त्यासाठी धक्क्याजवळच्या शाळेचा हॉल घेतला होता. झेंडे उतरवले, भिंतीवरचा नकाशा उतरवला, घड्याळसुद्धा उतरवलं, कारण त्यावर कुठल्याशा पलटणीचं नाव होतं.

शाळेच्या पायरीवर आ-खिम बसलेली असायची. अडकलेल्या दोघांपैकी एक तिचा नवरा. कालवांची टोपली घेऊन यायची आणि सोलत बसायची. संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो तशी तिने विचारलं, "ली-च्यून, काय ठरलं गं?"

"अजून बोलायला सुरुवात नाही झाली, वहिनी. एकमेकांना काय म्हणायचं ते ठरत नाहीये."

"माझ्या नवऱ्याला मी बावीस वर्षं 'अहो' म्हणतेय, काही अडलं नाही." तिने सुरी टोपलीच्या काठावर आपटली. "या लोकांचं नाव ठरेपर्यंत ते तिकडे म्हातारे व्हायचे!"

दुसऱ्या दिवशी तारखेवरून जुंपली. आमच्याकडे वर्षं आमच्या प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासून मोजतात, म्हणून आमच्या कागदावर वर्ष लिहायचं नव्वद, त्यांच्या कागदावर दोन हजार एक. दोन तास दोन्हीकडून वरून आलेल्या सूचना वाचून दाखवल्या गेल्या. बसून बसून माझ्या पाठीला कळ लागली होती. म्हटलं, "सर्पवर्ष, चौथा महिना लिहू का? पंचांग तर दोन्हीकडे एकच आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वेन-पिन हसले. तारीख ठरली, आणि मला वाटलं आता गाडी रुळावर आली. पण लगेच पहिलं कलम काढलं, आणि पहिल्या कलमाचा पहिलाच शब्द म्हणजे कोण.

जेवणाची वेळ झाली. पाहुण्यांना हॉलबाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून डबे मागवले होते. गार भात, वर एक अंडं. डबे वाटतच होते तेवढ्यात दारात गलका झाला. पहारेकरी म्हणत होता, "आजी, आत नाही जाता येणार." आणि आजी आत आलेली होती.

साहेबांच्या आई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, माझ्या खांद्याएवढ्या. मागून एक रिक्षावाला कालवांच्या शेवयांचं पातेलं धरून येत होता.

"आई, इथे सरकारी काम चाललंय," साहेब कुजबुजले.

"चालू दे की. मी कुठे अडवलंय?" आजींनी डब्याचं झाकण उचलून आत बघितलं. "समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला हे घालतोस? मी वाढवलं का तुला असं?"

तोवर सगळं बोलणं चालायचं ते छापील, शाळेतल्या मंदारिनमध्ये. आजींना ती येतच नव्हती. त्या बोलल्या आमच्या बोलीत, आणि वेन-पिननी वाडगा घेताना सहज त्याच बोलीत म्हटलं, "कालवं मोठी आहेत हो, आजी. आमच्याकडे एवढी नाही मिळत."

आजींचा पळीचा हात थांबला. "कुठल्या गावचा रे तू, बाळा?"

त्यांनी गाव सांगितलं. शियामेनच्या पलीकडचं, किनाऱ्यावरचं.

"तिथे आमचेच लोक गेलेत. धाकट्या शाखेतले. तुझं नाव काय?"

"तुंग वेन-पिन."

"वेन?" आजींनी पळी पातेल्यात ठेवली आणि बोटांवर मोजायला लागल्या.

आमच्याकडे कुळातल्या मुलांची नावं वाटेल तशी ठेवत नाहीत. पूर्वजांनी एक कविता करून ठेवलेली असते. तिचं एकेक अक्षर एकेका पिढीला मिळतं. सख्खे, चुलत, लांबचे, त्या पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात तेच अक्षर. आजी पुटपुटत होत्या, "वेन... थिंग... श्यांग..." आणि वेन-पिननी पुढची तीन अक्षरं न अडखळता म्हणून दाखवली. त्यांच्या आजोबांनी छडी घेऊन पाठ करून घेतली होती म्हणे.

हॉलमध्ये कोणी वाडग्याला तोंड लावलेलं नव्हतं.

आजी साहेबांकडे वळल्या. "तुझे वडील थिंग. तू श्यांग. हे वेन. श्यांग-रेन, ऊठ! आजोबांसमोर बसून राहतोस?"

"आई, ते छत्तीस वर्षांचे आहेत."

"मग? थोरल्या शाखेत लग्नं लवकर झाली, धाकटीत उशिरा. त्यात त्यांचा काय दोष?" मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं, आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. "अगंबाई! म्हणजे हे माझे चुलत सासरे झाले की. आणि मी यांना 'अरे बाळा' म्हटलं!"

वेन-पिन इतके घाबरून उठले की खुर्ची मागे पडली. "आजी, तुम्ही बसा हो आधी!"

"तुम्ही बसल्याशिवाय मी कशी बसू, मामंजी?"

चौऱ्याऐंशी वर्षांची सून आणि छत्तीस वर्षांचा सासरा, दोघंही एकमेकांना बसा म्हणत उभे. पहिल्यांदा त्यांच्याकडची टायपिस्ट हसली. मग आमचा पहारेकरी. मग कोणालाच आवरेना. साहेब तेवढे हसले नाहीत. ते उभे होते, ताठ, शाळकरी मुलासारखे, आणि कान लाल झालेले.

दुपारी ते फोनच्या खोलीत गेले. मी नोंद घ्यायला सोबत होते, म्हणून हे संभाषण मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"समोरच्या प्रमुखांना मी आजोबा म्हटलं तर चालेल का?" त्यांनी तैपेईला विचारलं.

बराच वेळ तिकडून नुसती खरखर. मग आवाज आला, "आजोबा हे त्यांच्याकडचं सरकारी पद आहे का?"

"नाही, साहेब."

"त्या शब्दातून त्यांच्या सरकारला मान्यता मिळते का?"

"माझ्या आईच्या मते फक्त नात्याला मिळते."

पुन्हा खरखर. "म्हणा."

वेन-पिननीही तिकडे फोन लावला. त्यांना एकच विचारलं गेलं म्हणे : कोण आजोबा आणि कोण नातू? उत्तर ऐकून तिकडची मंडळी खूश झाली आणि परवानगी ताबडतोब मिळाली.

आणि मग जे दोन दिवसांत झालं नव्हतं ते दोन तासांत झालं. अर्थात भांडण थांबलं नाही, उलट नीट सुरू झालं.

"आजोबा," साहेब म्हणाले. "आमची माणसं आधी सोडा."

"नातवाने आजोबांना अट घालायची?" वेन-पिनना आता रंग चढला होता. "तुम्ही आधी सोडा."

"नवीन वर्षाला पैशांचं लाल पाकीट कोण कोणाला देतं? मोठा लहानाला. द्यायचं काम मोठ्याचं, आजोबा. मोठेपण घेतलंत, आता निभवा."

वेन-पिननी घाम पुसला. कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं, मामंजी." आजींना बाहेर काढायची हिंमत एव्हाना कोणातच राहिली नव्हती.

शेवटी ठरलं, दोन्हीकडून एकेक होडी परवा सकाळी एकाच वेळी निघेल, अडकलेली होडी मागे ओढत; दोन्ही मध्ये समुद्रात भेटतील, माणसं आणि होड्या बदलतील. माझ्या वहीतल्या मोकळ्या जागा मी दोन शब्दांनी भरून काढल्या. सह्यांच्या कागदावर मात्र नुसती नावं होती.

सुटकेच्या आदल्या दिवशी दुपारी वेन-पिननी एक विनंती केली : आमच्या बेटावरच्या मूळ गावातल्या कुळाच्या देवळात उदबत्ती लावायची होती. परवानगी मिळाली, पण दोघांना एकटं सोडायचं नाही, म्हणून वही घेऊन मीही गेले. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर साहेबांनी उदबत्त्या पेटवून त्यांच्या हातात दिल्या आणि स्वतः मागे उभे राहिले. मान मोठ्याचा.

बाहेर आल्यावर साहेब ओट्यावर बसले. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. अठ्ठावन्न सालचा पाऊस तुमच्याकडून आला तेव्हा." आमच्याकडे तोफगोळ्यांना पाऊस म्हणायची जुनी पद्धत आहे. "कोंबडी आत घ्यायला बाहेर गेला. इथेच, या विहिरीपाशी."

वेन-पिन त्यांच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "माझी एक आत्या होती. मी तिला पाहिलं नाही. त्याच पावसात, पण तुमच्याकडून आलेल्या."

साहेबांनी मान हलवली. "म्हणजे माझीही कोणीतरी लागत होती."

"हो. पणजीच."

"किती वर्षांची होती?"

"अकरा."

दोघं तिथे बसून राहिले. मी त्या भेटीची नोंद लिहिली : "उदबत्ती लावली." त्याहून जास्त लिहावंसं वाटलं नाही. परत निघताना साहेबांनी विचारलं, "रात्री ज्वारीची दारू घेणार का, आजोबा?" आणि ते म्हणाले, "नातू ओतणार असेल तर." साहेबांच्या पोटाला दारू वर्ज्य होती. आजींनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

सुटकेच्या सकाळी सगळं गाव धक्क्यावर. सुटणारे तिघे आमच्या होडीत चढताना आजींनी त्यांना शेंगदाण्याच्या मिठाईच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, "पुन्हा आलात तर ओरडून या, चोरून नका येऊ." वेन-पिनही त्याच होडीतून जाणार होते. पाया पडायला ते वाकले तशा आजी ओरडल्या, "अहो, उलटं करताय!" आणि त्यांनीच हात जोडले.

दोन्ही होड्या पाण्याच्या मध्यावर एकमेकींना टेकल्या. इतक्या लांबून माणसं काळ्या ठिपक्यांएवढी. तिकडचे ठिपके तिकडे गेले, दोन इकडे आले, आणि धक्क्यावर फटाक्यांची माळ लागली. आवाजाने आजी क्षणभर दचकल्या, मग स्वतःशीच हसल्या.

होडी लागली. आ-खिमचा नवरा उतरला. ती सगळ्यांना बाजूला सारत पुढे गेली, त्याचे दोन्ही दंड चाचपले, मग पोटाकडे बघून थांबली.

"अहो, हे काय?"

"रोज डुकराचं मटण देत होते गं," तो ओशाळून म्हणाला. "नाही म्हटलं तर वाईट वाटायचं त्यांना."

"मी इथे महिनाभर वाट बघत कालवं सोलतेय, आणि तुम्ही तिकडे जेवताय!" ती रागाने म्हणाली, आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडायला लागली. तो लाजून इकडेतिकडे बघत होता. साहेबांनी पाठ फिरवली आणि समुद्राकडे तोंड करून हात हलवायला लागले. त्या लांबच्या होडीत तो हात कोणाला दिसत असेल असं मला वाटलं नाही. मी तसं म्हटलंही.

"दिसू दे, न दिसू दे," साहेब म्हणाले. "मोठी माणसं निघाली की नजरेआड होईपर्यंत उभं राहायचं असतं."