रंगाखालचा जोड

रोजच्याप्रमाणे आठ वाजता तिने गॅरेज उघडले, दिवा गाडीजवळ ओढला आणि दाराखालच्या पत्र्यावरचा जुना रंग खरवडायला बसली. सत्तर वर्षांपूर्वीची ती आलिशान, दोन दारांची गाडी एका डॉक्टरांनी मूळ रूपात आणायला दिली होती. तिच्या दिवंगत वडिलांनीच ती पूर्वी दुरुस्त केली होती.

रंगाखाली वेल्डिंगचा आरपार जोड निघाला. दुसऱ्या बाजूलाही तसाच. दोन मोडक्या गाड्यांचे अर्धे भाग जोडून ही एक केली होती, आणि डावीकडे झुकलेले ते बारीक टाके बाबांचेच होते.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

बाबांचे जुने सहकारी चष्मा पुसत राहिले. “बापाचा हात बघ तुझ्या, इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही. पुट्टी भर नि मोकळी हो. गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस?”

“आणि वेगात असताना मधूनच तुटली तर?”

तिने पुट्टीच्या डब्याला झाकण लावले, दोन्ही जोडांचे फोटो काढून डॉक्टरांना पाठवले आणि खाली लिहिले, ‘हे काम माझ्या वडिलांचे आहे. गाडी चालवू नये.’